वेळ नसलेल्या घरातील फिश टँक: थकलेली देखभाल आणि तिची सावकाश फेड

प्रकरणाविषयी

हे प्रकरण एका घरातील, सुमारे १०० लिटर पाणी मावणाऱ्या, गोड्या पाण्यातील माशांच्या टाकीचे आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पाण्याचे आकडे टेस्ट किटच्या रंगपट्टीवरून जितके नेमके वाचता येतात तितकेच नेमके आहेत. टाकीची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांचा उल्लेख पुढे केवळ 'बाई' असा केला आहे. टाकीत नवीन मासे मरू लागल्यावर त्यांनी माझ्याकडे विचारणा केली आणि तेथून पुढचा भाग मी जवळून पाहिला. त्याआधीचा भाग त्यांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

पार्श्वभूमी

टाकी बसवली तेव्हा बाईंना सवड होती आणि त्यांनी सुरुवात अतिशय शिस्तीत केली होती. मासे सोडण्यापूर्वी त्यांनी फिल्टर जवळजवळ सहा आठवडे चालू ठेवला, जेणेकरून माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्पंजवर, सिरॅमिकच्या कड्यांवर आणि तळाच्या खडीवर स्थिरावतील. नंतर नियॉन टेट्रांचा एक थवा, तळाशी वावरणारे काही कोरीडोरास, दोन-तीन प्लॅटी आणि काचेवरचे शेवाळ खाईल या अपेक्षेने बोटाएवढा एक प्लेको असे मासे आले. वनस्पतींबरोबर काही गोगलगाईही आपोआप आल्या.

देखभालीची पद्धत ठरलेली होती. दर रविवारी पाव टाकी पाणी काढायचे, ते बादल्यांनी न्हाणीघरात नेऊन ओतायचे, आदल्या रात्री भरून ठेवलेल्या पाण्यात क्लोरीन घालवणारे औषध मिसळून ते पुन्हा बादल्यांनी आणायचे, काच घासायची, फिल्टरचा स्पंज धुवायचा आणि सांडलेले पुसून घ्यायचे. यात दोन तास सहज जात. पहिले वर्षभर हे दोन तास मिळाले. त्यानंतर बाईंच्या नोकरीतील जबाबदारी वाढली, घरात एका ज्येष्ठ व्यक्तीचे दीर्घ आजारपण आले आणि रविवार हा साचलेली इतर कामे उरकण्याचा दिवस झाला. साप्ताहिक काम आधी पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर, आणि पुढे जवळजवळ सात-आठ महिने पाणी बदललेच गेले नाही. बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की वरून तांब्याने पाणी घालायचे, एवढेच होत राहिले.

टाकी दिसायला फारशी वाईट नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. पाणी किंचित पिवळसर झाले होते, पण गढूळ नव्हते. टेट्रा रंगाने तजेलदार होते. फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली होती आणि गोगलगाईंच्या शंखांवर पांढरे, झिजलेले खड्डे पडू लागले होते. परंतु शंखांकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. दरम्यान प्लॅटींनी पिल्ले देऊन आपली संख्या कित्येक पटींनी वाढवली होती आणि बोटाएवढा प्लेको वीतभर होऊनही थांबलेला नव्हता. मासे विकत न आणताही टाकीवरचा भार अशा रीतीने वाढत गेला, आणि नेमक्या त्याच काळात देखभाल घटत गेली.

समस्या कशी उघड झाली

घरातील मुलाच्या हौसेखातर सहा नवे टेट्रा आणले गेले आणि ते दोन दिवसांत मेले. जुन्या माशांना काहीच झाले नाही. मासे विकणाऱ्याने आजारी मासे दिले असावेत, असा पहिला तर्क झाला. मग प्लॅटींपैकी काही एका जागी राहून अंग थरथरवताना दिसले, तेव्हा पाणी खराब झाले असावे असा दुसरा तर्क झाला आणि पुढच्या सुट्टीत टाकी पूर्ण रिकामी करून, खडी व फिल्टर नळाखाली स्वच्छ धुऊन, सगळे नव्याने भरायचे असे ठरले. दुसरा तर्क बरोबर होता. त्यावर योजलेला उपाय मात्र घातक ठरण्याची शक्यता होती.

सुट्टीला चार-पाच दिवस असताना बाईंनी विचारणा केली. मी त्यांना काहीही न हलवता आधी टाकीतील आणि नळाच्या अशा दोन्ही पाण्याची तपासणी करण्यास सांगितले. टाकीच्या पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ६ च्या आसपास होता, कार्बोनेट काठिण्य (केएच) १ अंशापेक्षाही कमी, एकूण अमोनिया सुमारे ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि नायट्रेट १०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे रंगपट्टीच्या जवळजवळ टोकाला. नळाच्या पाण्याचा सामू ७.८ आणि केएच ६ अंश होते. एकाच घरातील दोन पाण्यांत इतके अंतर पडले होते, यातच नव्या टेट्रांच्या मृत्यूचे स्पष्टीकरण होते: ते नळाच्या पाण्याच्या जवळपास असलेल्या पाण्यातून आले आणि अर्ध्या तासात या पूर्णपणे वेगळ्या पाण्यात सोडले गेले. जुन्या माशांना या बदलाशी जुळवून घ्यायला आठ महिने मिळाले होते.

पाण्यात नेमके काय घडले होते

हा भाग थोडा विस्ताराने मांडावा लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते शोषून घेण्यात पाण्यातील कार्बोनेट (केएच हे त्याचेच माप) खर्ची पडते. अमोनियाच्या रूपातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७ मिलिग्रॅम. पाणी बदलले की नळाच्या पाण्यातून ही शिल्लक पुन्हा भरली जाते. ते बदलले नाही तर ती संपत जाते, आणि संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही, म्हणून केवळ सामू मोजणाऱ्यास शेवटपर्यंत सगळे ठीक वाटते. वरून घातलेले तांब्याभर पाणी थोडे कार्बोनेट आणते खरे, पण भार वाढलेल्या टाकीत ते पुरत नाही.

शिल्लक संपल्यावर सामू भराभर घसरतो आणि ६ च्या आसपास आला की अमोनिया हाताळणारे जिवाणू अतिशय मंदावतात. मग अमोनिया साचू लागतो. तरीही मासे तगतात, कारण पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: विषारी मुक्त अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम. कोणते रूप किती हे सामू व तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला सामू ६ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.०६ टक्के भाग विषारी रूपात असतो, ७.५ ला तो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि ८ ला ५ टक्क्यांवर पोहोचतो. थोडक्यात, ज्या आम्लतेने जिवाणूंना थोपवले होते तीच माशांना वाचवत होती.

मूळच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातील टेट्रांना हे फारसे जाचले नाही, आणि त्यांच्या तजेल्यामुळेच घरच्यांची दिशाभूल झाली. प्लॅटींना कठीण व अल्कधर्मी पाणी मानवते, म्हणून त्रासाची पहिली दृश्य लक्षणे त्यांच्यात दिसली. शंख झिजलेल्या गोगलगाईंनी ती त्याहूनही आधी दाखवली होती.

विचारात घेतलेले पर्याय

सुट्टीच्या दिवशी संपूर्ण सफाई करण्याचा बेत बाईंना सोडवत नव्हता, आणि त्याचे कारण समजण्यासारखे होते: त्यांच्याकडे सलग वेळ फक्त त्या एकाच दिवशी होता. या पर्यायाचे दोन प्रकार संभवत होते. निम्मेच पाणी बदलले असते तर एकूण अमोनिया ४ वरून २ मिलिग्रॅमवर आला असता, पण नळाच्या पाण्यामुळे सामू साधारण ७.५ वर चढला असता आणि विषारी अमोनिया ०.००२ मिलिग्रॅमवरून ०.०३५ च्या आसपास, म्हणजे सुमारे १५ पट झाला असता. ०.०२ च्या वरचे प्रमाण माशांसाठी धोक्याचे मानले जाते. पाणी अर्धे स्वच्छ करूनही विष वाढते, हे हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. सगळेच पाणी बदलले असते तर जुना अमोनिया गेला असता. परंतु माशांना सामू व क्षारांच्या प्रमाणातील उडी एका क्षणात सोसावी लागली असती, आणि नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुतलेल्या खडी व फिल्टरमध्ये जिवाणू जवळजवळ उरले नसते. मग काही दिवसांतच नवा अमोनिया साचला असता, तोही यावेळी अल्कधर्मी पाण्यात.

दुसरा पर्याय टाकी बंद करण्याचा होता. बाईंच्या पतींचे मत याच बाजूला होते आणि ते हलके घेण्यासारखे नव्हते. ज्या घरात आजारपणाची पाळी चालू आहे तेथे माशांची जबाबदारी आणखी एका व्यक्तीच्या मनावर ओझे म्हणून राहत असेल, तर मासे चांगल्या ठिकाणी सोपवणे हा पराभव नव्हे. मात्र अशा पाण्यातील मासे लगेच दुसरीकडे नेले तर त्यांचीही गत नव्या टेट्रांसारखीच झाली असती. म्हणजे टाकी बंद करायची ठरवली तरी पाणी आधी सुधारणे भागच होते. त्यामुळे हा निर्णय महिनाभर पुढे ढकलता आला.

देखभाल करून देणाऱ्या व्यक्तीला महिन्यातून एकदा बोलावण्याचाही विचार झाला. तो नियमित काळासाठी वाईट नाही, पण रोज थोडे-थोडे करण्याच्या कामाला महिन्याची फेरी उपयोगी नव्हती. खाण्याचा सोडा घालून केएच झटपट वाढवणे हा पर्याय मी स्वतःहून मांडला आणि बाजूला ठेवला: १०० लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम सोड्याने केएच १ अंशाने वाढते, मात्र त्यासरशी सामूही चढतो, आणि अमोनिया ४ मिलिग्रॅम असताना हे काम चमच्याच्या अंदाजावर सोपवणे मला योग्य वाटले नाही.

पाचवा पर्याय रोज दहा टक्के पाणी बदलत दोन आठवडे चालण्याचा. यात दिवसाला एकच बादली उचलावी लागते, त्यामुळे सलग वेळ नसलेल्या घराला तो इतर पर्यायांपेक्षा सोपा जातो, हे बाईंना आकड्यांपेक्षा लवकर पटले.

पहिला टप्पा: पाणी सावरणे

सुट्टीचा बेत रद्द झाला आणि रोज रात्री एक बादली, म्हणजे सुमारे १० लिटर, हा क्रम सुरू झाला. पहिले दोन दिवस माशांना खाद्य दिले नाही आणि नंतर दिवसाआड, थोडेच दिले. निरोगी प्रौढ मासे आठवडाभरही उपाशी राहू शकतात, त्यामुळे यात क्रौर्य नव्हते, उलट नव्याने पडणारा अमोनिया त्यामुळे कमी झाला. नवे पाणी टाकीत एकदम न ओतता बारीक नळीने अर्ध्या तासात सोडले जाई. नळी लावून देऊन बाई दुसरे काम करत.

फिल्टरला हात लावायचा की नाही, हा या टप्प्यातील सर्वांत अवघड प्रश्न होता. धार बारीक म्हणजे प्राणवायू कमी, आणि ज्या जिवाणूंना जागे करायचे त्यांना प्राणवायू लागतो. दुसरीकडे, आधीच मंदावलेले जिवाणू धुऊन टाकण्याची जोखीम होती. शेवटी तिसऱ्या दिवशी फक्त स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन वेळा हलका पिळला, सिरॅमिकच्या कड्यांना स्पर्श केला नाही आणि पृष्ठभाग हलता राहावा म्हणून एक साधा एअर पंप जोडला. खडीतील गाळ सायफनने काढताना एका वेळी तळाचा चौथा भागच घेतला, कारण महिनोन्‌महिने बसलेला गाळ एकदम ढवळला तर त्यात अडकलेले सगळे एकाच वेळी पाण्यात येते.

पहिल्या आठवड्यात केएच हळूहळू वाढले आणि सामू ६.८ च्या पुढे सरकला. या काळात एकूण अमोनिया अपेक्षेपेक्षा हळू उतरत होता, त्यामुळे एक दिवस पाणी बदलणे थांबवावे का असा प्रश्न आला. सामू चढत असताना अमोनिया अडून राहणे हीच धोक्याची जोडी असते. तेथे बाईंनी थांबण्याऐवजी बदल निम्मा, म्हणजे ५ लिटर केला आणि दोन दिवस तसाच ठेवला. हा निर्णय त्यांचा होता आणि तो योग्य होता, कारण त्यामुळे काठिण्याची भर चालू राहिली आणि सामूची गती कमी झाली. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर अमोनिया झपाट्याने घसरला, नायट्राइटची फिकट छटा तीन-चार दिवस दिसली आणि नाहीशी झाली. जिवाणू पुन्हा कामाला लागले होते. रोज दहा टक्के बदलल्यास चौदा दिवसांनी जुन्या पाण्याचा साधारण २३ टक्के भाग शिल्लक राहतो. येथे मधल्या दोन दिवसांमुळे तो थोडा अधिक राहिला, आणि नायट्रेट ४० च्या आसपास आले. या काळात एक वयस्क प्लॅटी मेली. ती आधीपासूनच खंगलेली होती, तरी तिचा मृत्यू पाण्याच्या बदलाशी निगडित नव्हता असे खात्रीने म्हणता येणार नाही.

दुसरा टप्पा: काम कमी करणे

पाणी सावरल्यावर बाईंचा पहिला विचार पुन्हा रविवारचे वेळापत्रक लावण्याचा होता. मला तो मान्य नव्हता. जे वेळापत्रक चांगल्या दिवसांतच पाळले जाते ते वाईट दिवसांसाठी निरुपयोगी असते, आणि या घरातील वाईट दिवस अजून संपलेले नव्हते. म्हणून प्रश्न उलटा मांडला: टाकीला जितके काम लागते तेच कमी कसे होईल?

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडला. टाकीत दर आठवड्याला नायट्रेट जितके वाढते त्याला 'आठवड्याची वाढ' म्हणू. नळाच्या पाण्यात नायट्रेट नगण्य असेल, तर दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलत राहिल्यास नायट्रेट वाढत वाढत या वाढीच्या चौपटीवर स्थिरावते. दर पंधरवड्याला ५० टक्के बदलल्यासही ते चौपटीवरच थांबते. दर पंधरवड्याला २५ टक्केच बदलल्यास ते आठपट होते, आणि दर आठवड्याला फक्त १० टक्के बदलल्यास दहापट. बाईंच्या टाकीतील वाढ दोन आठवड्यांच्या मोजणीवरून आठवड्याला १० मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. म्हणजे रविवारचे दोन तास नेमाने दिले तरी नायट्रेट ४० वर राहणार, आणि एक रविवार चुकला की त्यापुढे जाणार. आठवड्याची वाढ निम्मी झाली, तर तेवढ्याच पाण्यात ते २० वर थांबणार आणि पंधरवड्याने केले तरी ४० च्या आत राहणार. वाढ निम्मी करणे हे श्रम दुप्पट करण्याच्या तोडीचे होते.

वाढीचा सर्वांत मोठा स्रोत शेवाळ खाण्यासाठी आणलेला प्लेको होता. हा मासा पूर्ण वाढल्यावर ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि त्याची विष्ठा त्याने खाल्लेल्या शेवाळापेक्षा कितीतरी जास्त काम निर्माण करते. सफाई कामगार म्हणून त्याची ख्याती कशी झाली हे एक कोडेच आहे. मोठी टाकी असलेल्या एका परिचितांनी तो स्वीकारला, आणि प्लॅटींची बहुतेक पिल्लेही तिकडेच गेली. नदी-तलावात सोडून देण्याचा सल्ला घरात कोणीतरी दिला होता. तो मानला गेला नाही हे चांगले झाले, कारण प्लेको मूळच्या प्रदेशाबाहेर अनेक ठिकाणी नैसर्गिक जलाशयांत बेसुमार वाढून उपद्रवी ठरलेला मासा आहे.

दुसरा स्रोत खाद्य होते. घरातील तिघेही जण आपापल्या वेळी मासे भुकेले दिसतात म्हणून खाद्य टाकत, आणि मासे नेहमीच भुकेले दिसतात. यावर औषधांच्या गोळ्यांसाठी मिळते तशी सात कप्प्यांची डबी आणली गेली: बाई आठवड्यातून एकदा सहा कप्प्यांत मोजून खाद्य भरतात, सातवा रिकामा ठेवतात, आणि मुलगा रोज त्या वाराचा कप्पा टाकीत रिकामा करतो. कप्पा रिकामा दिसला की खाद्य देऊन झाले, विचारण्याची गरज नाही. या सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक कोणता, असे विचारल्यास मी या डबीचे नाव घेईन.

दिवा पूर्वी सकाळपासून रात्रीपर्यंत शोभेसाठी चालू असे. तो टायमरवर सात तासांचा केला आणि काच घासण्याचे काम आठवड्यावरून महिन्यावर गेले. हॉर्नवर्टची जुडी तरंगत सोडली आणि मनी प्लांटच्या दोन वेलींची मुळे, पाने बाहेर ठेवून, पाण्यात सोडली. दोन्ही वनस्पती पाण्यातील नायट्रोजन वापरून झपाट्याने वाढतात, मात्र वाढलेली हॉर्नवर्ट वेळोवेळी काढून टाकली तरच तो लाभ टिकतो. कार्बोनेटची शिल्लक पुन्हा संपू नये म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची एक छोटी पिशवी ठेवली. पाणी आम्ल होऊ लागले की तो अधिक विरघळतो.

राहिला पाणी बदलण्याचा वेळ. दोन तासांपैकी बहुतेक वेळ बादल्या वाहण्यात जात होता, म्हणून न्हाणीघराच्या मोरीपर्यंत पोहोचणारी लांब नळी घेतली, जी सायफनने आपोआप पाणी नेते, आणि नवे पाणी झाकणाच्या पिंपात आदल्या रात्री औषध घालून ठेवून छोट्या पाणबुडी पंपाने परत चढवले जाते. पाणी नुसते रात्रभर ठेवल्याने क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो, पण शुद्धीकरणात क्लोरामाइन वापरत असतील तर तो तसा जात नाही, म्हणून औषध वगळलेले नाही. टाकीच्या मागच्या काचेवर २५ टक्क्यांच्या पातळीला चिकटपट्टीची खूण केली आहे आणि हीटर त्या खुणेच्या खाली आडवा बसवला आहे. पाणी काढताना त्याचा प्लग काढण्याची सवय आहेच; परंतु थकलेल्या माणसाकडून ती कधीतरी सुटते, आणि उघडा पडलेला तापलेला हीटर तडकू शकतो. सगळे काम आता अर्ध्या तासाच्या आत होते आणि त्यातही उभे राहून करण्याचे काम दहा-बारा मिनिटांचेच असते.

स्वयंचलित खाद्ययंत्राचाही प्रयोग झाला. टाकीच्या उघड्या भागावरील दमटपणाने खाद्याचे गठ्ठे झाले, एकदा काहीच पडले नाही आणि एकदा नको तितके पडले, तेव्हा ते काढून ठेवण्यात आले.

परिणाम

पुढच्या काही महिन्यांत नायट्रेटची वाढ आठवड्याला ५ मिलिग्रॅमच्या जवळपास आली आणि पाणी बदलण्याआधीचे मोजमाप २० ते ३० च्या दरम्यान राहिले. केएच ४ ते ५ अंशांवर आणि सामू ७.४ च्या आसपास स्थिर झाला. प्लॅटींची थरथर थांबली. टेट्रांना हे पाणी पूर्वीइतके मऊ नाही, पण त्यांनी ते विनातक्रार स्वीकारले. गोगलगाईंचे जुने खड्डे भरून येत नाहीत, मात्र शंखांच्या कडेला आलेली नवी वाढ गुळगुळीत आहे.

वेळापत्रक पाळले गेले का, तर पूर्णपणे नाही. कामाच्या धावपळीच्या हंगामात सलग तीन आठवडे पाणी बदलले गेले नाही. त्यावेळी बाईंनी नायट्रेट आणि केएच मोजले, दोन्ही सहन होण्याजोगे होते, म्हणून एकदम मोठा बदल न करता नेहमीचे २५ टक्के केले आणि चार दिवसांनी पुन्हा तेवढेच. पूर्वी हाच खंड अपराधी भावनेत आणि मग टाळाटाळीत जाई; आता त्याला मोजमाप होते. टाकी बंद करण्याचा विषय ठरल्याप्रमाणे महिन्याने पुन्हा निघाला आणि पतींनीच तो मागे घेतला.

काय वेगळे करता आले असते

सुरुवातीलाच केएच मोजण्याची सवय लागली असती तर संपूर्ण घसरण दोन-तीन महिने आधी दिसली असती. बहुतेक घरांत सामू मोजतात, कारण त्याची पट्टी सहज मिळते. पण सामू शेवटी हलतो आणि केएच आधी. व्यग्र घराला महिन्यातून एकच तपासणी करणे शक्य असेल, तर मी केएचची सुचवेन, आणि दुसरी शक्य असेल तर नायट्रेटची.

नवे टेट्रा आणले तो क्षणही वेगळा हाताळता आला असता. देखभाल थकलेल्या टाकीत नवे मासे सोडणे हे पाणी न तपासता करू नये एवढे तर उघडच आहे. त्यापलीकडे, दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून मग सोडण्याची पद्धत पाळली असती तर त्या टाकीतले पाणी आणि मोठ्या टाकीतले पाणी यांतील फरक कोणाच्या तरी लक्षात आला असता. अर्थात दुसरी टाकी म्हणजे दुसरे काम, आणि ते या घराला पेलले असते असे वाटत नाही. येथे नवे मासे न आणणे हाच वास्तववादी पर्याय होता, आणि सध्या तोच नियम आहे.

पहिल्या आठवड्यात अमोनिया तात्पुरता बांधून ठेवणारे औषध वापरले असते तर सामू चढतानाची चिंता कमी झाली असती. ते घरात नव्हते आणि मागवण्यात दोन दिवस गेले असते. तरी अशा टाकीचे काम हाती घेताना ते आधी आणून ठेवणे मी आता अधिक योग्य मानतो. देखभालीचे काम विभागण्याची चर्चा आजारपण सुरू झाले तेव्हाच व्हायला हवी होती, असे बाईंचे स्वतःचे मत आहे. माझे मत जरा वेगळे आहे: त्या काळात कोणालाही काम वाटून दिले असते तरी बादल्या वाहण्याचे दोन तास दुसऱ्याच्या रविवारातून गेले असते आणि तोही काही महिन्यांत थकला असता.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. फिल्टर मोठा घ्यावा, म्हणजे स्पंज धुण्याचे अंतर वाढेल, असा प्रस्ताव आहे. मोठ्या डब्याच्या फिल्टरला धुण्याची पाळी क्वचित येते हे खरे, पण क्वचित येणारे काम विसरले जाते आणि आत साचलेला गाळ नायट्रेट वाढवतच राहतो; लहान स्पंज मात्र धार बारीक करून स्वतःच आठवण देतो. तूर्त जुना फिल्टरच चालू ठेवला असून त्याच्या जोडीला एक स्वतंत्र स्पंज फिल्टर लावला आहे, आणि दोन्ही एकाच आठवड्यात धुवायचे नाहीत असे ठरले आहे.